नागपूरची रिकामी भिंत

२०२५च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबीज लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची म्हणून एक तलवार विक्रीस निघाली, महाराष्ट्र शासनाने ती मिळवली आणि ऑगस्टात ती मुंबईस दाखल झाली, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराघरांतून जो आनंद प्रकट झाला त्यात मीही मनापासून सामील होतो. कारण ज्या घराण्याच्या फौजा एके काळी बंगालपासून कर्नाटकापर्यंत दौडल्या, त्या घराण्याची एक वस्तू आपल्या मुलखात परत येणे ही साधी गोष्ट नव्हे. त्या तलवारीचे पाते युरोपातले आहे, परंतु पात्यावर देवनागरीत सोन्याने ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ अशी अक्षरे घातलेली आहेत, आणि धनी कोण, त्याची पदवी कोणती, पाते कुठले, हे तिन्ही दाखले त्या एका ओळीत आले आहेत. सेनासाहेब सुभा हा किताब साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचा, त्यामुळे तलवार धरणाऱ्याचे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याला मान्यता देणारी गादी या दोहोंचा उच्चार ते पाते एकदमच करते.

तसबिरींच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. राजेरजवाड्यांची, सरदार-मुत्सद्द्यांची जी चित्रे आपल्याकडे वाड्यांतून, वस्तुसंग्रहालयांतून आणि देवघराशेजारच्या भिंतींवरून टांगलेली आहेत, त्यांच्यापुढे आपण उभे राहतो ते हात जोडून. फार तर चेहऱ्यावरचे तेज वाखाणतो, पगडीवरच्या शिरपेचाचे मोल अजमावतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की तसबीर ही सनदेच्या जातीची वस्तू आहे. सनद पुढे आली की जुना कारकून जसा आधी शिक्का पाहतो, मग साल, मग देणारा आणि घेणारा, आणि सरतेशेवटी मजकूर, तसेच तसबिरीचेही करायला हवे: ती कोणी काढवली, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या डोळ्यांसाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी विचारायचे; चेहरा पाहायचा तो त्यानंतर. हे न विचारल्यामुळे केवढी फसगत होते याचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. वा. सी. बेंद्रे यांनी शिवछत्रपतींचे अस्सल चित्र शोधून पुढे ठेवीपर्यंत दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, आणि भक्तीने त्याला हार घातले जात होते. भक्तीत काही खोट नव्हती. दाखला तपासण्याचे तेवढे राहिले होते.

आपल्या जुन्या दरबारी चित्रांची भाषा एकदा समजली की ती वाचणे अवघड नाही. मोगल आणि दख्खनी चितारांच्या परंपरेत थोर पुरुष बहुधा एकचश्मी दाखवला जातो, म्हणजे चेहऱ्याची एकच बाजू आणि एकच डोळा दिसतो. समोरून पाहणारा चेहरा प्रेक्षकाशी संवाद करू लागतो, आणि राजाने वाटेल त्याच्याशी संवाद करू नये, असा त्यामागचा भाव मला दिसतो. नाण्यावरच्या मुद्रेप्रमाणे त्याने स्थिर, अढळ आणि थोडे दूरच असावे. मस्तकामागचे प्रभामंडल मोगल बादशहांच्या चित्रांतून रूढ झाले आणि हळूहळू सरदारांच्या माथ्यामागेही येऊन बसले. छत्र, अब्दागीर, मोरचेल, चवरी ही राजचिन्हे वाऱ्यासाठी किंवा उन्हासाठी धरलेली नसतात. कोणाला कोणते चिन्ह वागवण्याचा मान आहे, हे दरबारच्या दफ्तरात ठरलेले असे, आणि म्हणून चित्रातले मोरचेल हे एखाद्या ताम्रपटातल्या ओळीइतकेच नेमके विधान असते. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात फूल ही जी ठेवण दख्खनी चित्रांत वारंवार आढळते तीत दंड आणि रसिकता या दोन्ही राजगुणांवर एकाच वेळी हक्क सांगितलेला असतो. मुख्य पुरुष मोठा, सेवक लहान. मुख्य पुरुष बसलेला, इतर उभे. तो लोडाला टेकलेला, बाकीचे हात बांधून. मापाचे हे गणित इतके उघड असते की निरक्षर माणसालाही ते चुकत नाही, आणि ते चुकू नये हीच त्या चित्राची गरज असते.

शिवाजी महाराजांची जी चित्रे आज ॲमस्टरडॅम, लंडन आणि पॅरिस येथल्या संग्रहांत आहेत, त्यांपैकी काही गोवळकोंड्याकडच्या चितारांनी काढलेली, काही मनुचीसारख्या परकीय प्रवाशाने मीर महंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेली. सारी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. महाराजांनी स्वतः काढवून घेऊन जगाला धाडलेली ती चित्रे नव्हेत. परदेशी व्यापारी आणि प्रवासी या मुलखातल्या सत्ताधीशांची ओळख पटवण्यासाठी असे संच विकत घेत, आणि त्या संचांत दिल्लीच्या बादशहांच्या आणि विजापूर-गोवळकोंड्याच्या सुलतानांच्या रांगेत शिवाजी महाराजांना स्थान देणे त्यांना भाग पडले, ही गोष्ट मला कोणत्याही रत्नजडित प्रभामंडलापेक्षा अधिक बोलकी वाटते. सत्ता कमावलेली असली की तिची तसबीर शेजारी आपणहून काढतात.

परंतु सत्ता आणि तसबीर यांच्या नात्याचा सर्वांत अर्थपूर्ण असा मराठी नमुना पाहायचा तर १७९२ साली पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने रंगवलेल्या सवाई माधवराव पेशव्यांच्या आणि नाना फडणीसांच्या तैलचित्राकडे वळावे लागते. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मी ते छापील प्रतीतच पाहिले आहे, पण पुन्हापुन्हा पाहिले आहे. पेशवे त्या वेळी अठरा वर्षांचे. मोत्यांचे सर, पगडीवरचा जवाहीर, गादी, लोड, मागे सेवक, असा सारा थाट त्यांच्या वाट्याला आलेला आहे. नाना पन्नाशीला टेकलेले. लांबट, कृश चेहरा, तुलनेने साधा पांढरा पोशाख. दरबारी रिवाजाप्रमाणे चित्राचा मध्य पेशव्यांचा आहे, आणि तरीही पाहणाऱ्याची नजर काही क्षणांतच नानांकडे सरकते. चित्रकाराने रिवाज मोडलेला नाही, कोणाचा मान कमी केलेला नाही. पण पुण्याचा कारभार कोणाच्या मसलतीने चालतो हे त्याला कळले होते आणि ते त्याने दोन चेहऱ्यांतल्या फरकाने नोंदवून ठेवले. एका चेहऱ्यावर सारे अलंकार आणि दुसऱ्यावर सारे विचार! त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १७९५ साली, तो तरुण पेशवा शनिवारवाड्यातून पडून मृत्यू पावला, हे ठाऊक असल्याने ते मोती अधिकच जड वाटू लागतात.

हे चित्र घडले ते पुणे दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयामुळे. मॅलेटच्याच प्रयत्नाने शनिवारवाड्यात चित्रशिक्षणाची सोय झाली आणि गंगाराम तांबट नवगिरे हा मराठी चित्रकार तेथे तयार झाला; त्याने वेरूळच्या लेण्यांची जी रेखाटने केली ती पाहून आजही माणूस स्तिमित होतो. गंगारामचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण आपल्या तसबिरींच्या इतिहासात बसणाऱ्याचे नाव राहते, काढणाऱ्याचे बहुधा पुसले जाते. नागपुरात चितार ओळ नावाची वस्ती आहे. गणेशोत्सवाच्या आधीच्या दिवसांत तिथे मूर्तींची रांग लागते, आणि सारे अंग रंगवून झाल्यावर शेवटी जाणता कारागीर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करतो, तेव्हा भोवतीची पोरेही गप्प होतात. त्या ओळीच्या नावात ज्या चितारांची आठवण उरली आहे, त्यांच्यापैकी कोणाचे नाव या शहरातल्या सामान्य माणसाला सांगता येईल?

मॅलेटने आणखी एक मोठे चित्र योजले होते. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांच्यात १७९० साली जो तह झाला त्याचा दरबार त्यात दाखवायचा होता. वेल्स हिंदुस्थानात आला तोच १७९१ साली, म्हणजे तो दरबार त्याने पाहिला नव्हता. त्याने एकेका माणसाचे चेहरे रेखाटून ठेवले आणि १७९५ साली तोही वारला. ती रेखाटने घेऊन टॉमस डॅनियल याने लंडनमध्ये १८०५ साली चित्र पुरे केले, आणि दरबाराच्या वेळी तोही पुण्यात नव्हता. आता या तारखांच्या शेजारी वऱ्हाडातल्या तारखा मांडून पाहाव्यात. १८०२चा वसईचा तह होऊन गेला होता. १८०३च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकरांच्या फौजेचा मोड झाला होता, आणि डिसेंबरातल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडून द्यावे लागले होते. अशा वेळी लंडनमध्ये जे चित्र टांगले गेले त्यात मराठी दरबार भव्य, तेजस्वी, मानमरातबाने भरलेला दाखवला आहे आणि इंग्रज वकील त्यात अदबीने, बरोबरीच्या नात्याने बसलेला आहे. त्या चित्रातले वैभव आपले असले तरी ते काढवणारी गरज त्यांची होती. ज्याच्याशी तह करून आपण मोठे झालो तो प्रतिपक्ष थोर होता, हे आपल्या लोकांना दाखवणे मॅलेटच्या कीर्तीला आवश्यक होते. आपल्या पूर्वजांचे सुंदर चित्र पाहून सुखावताना हा हिशेब मनात ठेवला नाही तर आपण चित्र पाहिले असे मी म्हणणार नाही.

नागपूरकडे येतो. बडोदा, ग्वाल्हेर किंवा कोल्हापूर येथे राजपुरुषांच्या तैलचित्रांची जशी परंपरा जमली तशी ती भोसल्यांच्या राजधानीत का जमली नाही, याचे उत्तर रसिकतेच्या अभावात शोधू नये. ते सनावळीत आहे. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि अप्पासाहेबांचे राज्य नावापुरते उरले. पुढे तिसऱ्या रघूजींच्या नावाने कारभार चालला तो बरीच वर्षे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या मुखत्यारीखाली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यातले जडजवाहीर उचलून लिलावासाठी कलकत्त्याकडे गेले, हत्ती, घोडे, बैल हर्राशीत विकले गेले, आणि दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा राणी बाकाबाई यांनी सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असा इशारा दिल्याचे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने नमूद केले आहे. सामान हललेच. १८६४ साली तो लाकडी कोरीवकामाचा देखणा वाडा जळाला आणि नगारखाना तेवढा राहिला. राज्य, खजिना आणि वाडा ही तिन्ही गेली अकरा वर्षांच्या आत. आणि ज्या युरोपीय धर्तीच्या तैलचित्रांनी पुढे हिंदी संस्थानिकांचे महाल भरले त्यांचा जमाना सुरू झाला तो याच्यानंतर. चित्र टांगायला भिंत हवी, आणि भिंतीला छप्पर हवे.

या अकरा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाडा जळण्याच्या आदल्या वर्षी, १८६३ साली, मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या पुढाकाराने नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले, ज्याला आम्ही नागपूरकर अजब बंगला म्हणतो. लहानपणी मी तेथे गेलो तो भुसा भरलेले प्राणी पाहायला. शिलालेख आणि ताम्रपटांपाशी थांबायला शिकलो ते फार उशिरा. त्या इमारतीचे उपकार विदर्भावर मोठे आहेत आणि ते मी कृतज्ञतेने मानतो. पण सत्तेच्या दृष्टीने पाहिले तर १८६३ हे साल एका उलटापालटीचे साल आहे. ज्या मुलखात कालपर्यंत राजा बसत असे आणि चित्रकार त्याच्याकडे पाहत असे, तेथे आता नवा धनी बसला आणि जुन्या धन्यांच्या वस्तू नमुने म्हणून काचेमागे ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. पाहण्याचा अधिकार ज्याच्या हाती, सत्ता त्याची.

याच काळात बडोद्याला काय घडले ते पाहिले म्हणजे नागपूरच्या रिकाम्या भिंतीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तो पुढचा सयाजीराव महाराज. डलहौसीने नागपूरला जे नाकारले तेच बडोद्याला देण्यात आले, कारण मध्ये १८५७ साल होऊन गेले होते. १८८१च्या डिसेंबरात सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, आणि त्याच सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांच्या मध्यस्थीने राजा रविवर्मा बडोद्यात आले. रविवर्म्याने काढलेली सयाजीरावांची आणि महाराणी चिमणाबाईंची चित्रे आज बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. तैलरंगांत मखमल मखमलीसारखी दिसते, मोती मोत्यासारखा दिसतो, सोन्याच्या किनारीला सोन्याची चमक येते. आणि हे नुसते कौशल्य नव्हते. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या तरुणाला गादीवर बसल्यावर अवघी सहा वर्षे झाली होती, शेजारपाजारचे संस्थानिक आणि कलकत्त्याचे अधिकारी त्याच्याकडे निरखून पाहत होते, आणि अशा वेळी कापडाच्या पोताइतकी खरी दिसणारी राजमुद्रा निर्माण करणे हे चित्रकाराचे कामच होते. अधिकार जितका नवा, तितके तसबिरीवरचे ओझे जास्त.

आणि अधिकार जितका आटलेला, तितकी तसबीर मोठी, असेही मी म्हणेन. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल असे पडले, हे येथल्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरांत अजून सांगतात. दिल्लीच्या त्या सोहळ्याचे भव्य चित्र काढण्याची कामगिरी व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडे होती, आणि तो त्यासाठी संस्थानिकांचे चेहरे टिपत गावोगाव हिंडला. बडोदा आणि ग्वाल्हेर यांना २१ तोफांची सलामी, कोल्हापूरला १९. लढाईचा अधिकार गेलेल्या राजांचा मान आता तोफांच्या बारांत मोजला जाऊ लागला होता, आणि चित्रांतही अंगरख्यावर साम्राज्याने दिलेली पदके आणि निळे झगे दिसू लागले. शिरपेच आपल्या घराण्याचा आणि तारा राणीचा, असे दोन शिक्के एकाच छातीवर! ज्या सयाजीरावांना लहानपणापासून चित्रकारांपुढे बसण्याची सवय होती, त्यांनीच १९११च्या दिल्ली दरबारात साध्या पांढऱ्या पोशाखात येऊन, बादशहापुढे जुजबी मान लववून पाठ फिरवली, तेव्हा साम्राज्याच्या वृत्तपत्रांतून जो गहजब झाला त्याचे कारण हेच होते. एका माणसाने ठरलेल्या चित्रात ठरल्याप्रमाणे उभे राहण्याचे नाकारले होते.

तसबिरीकडून सत्तेचे काम करून घेण्याची रीत युरोपातही निराळी नव्हती. चौदाव्या लुईचे रिगो याने १७०१ साली काढलेले जे प्रसिद्ध चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, त्यात त्रेसष्ट वर्षांच्या राजाला नर्तकासारखे तरुण पाय आणि तांबड्या टाचांचे जोडे दिलेले आहेत. वॅन डाइक याने ठेंगण्या पहिल्या चार्ल्सला घोड्यावर बसवून खालच्या बाजूने पाहिले, म्हणजे प्रेक्षकाला मान वर केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या चार्ल्सचा शिरच्छेद पुढे १६४९ साली झाला.

आमच्या घरी माझ्या आजोबांची एक मोठी तसबीर आहे. छायाचित्रच, पण वर हाताने रंग दिलेला. आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. मागे रंगवलेल्या पडद्यावर एखाद्या महालाच्या पायऱ्या आणि कठडा, बाजूला कोरीव खुर्ची, तिच्या पाठीवर आजोबांचा डावा हात, उजव्या हातात जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, आणि कोटाच्या खिशातून बाहेर आलेली घड्याळाची साखळी. ती साखळी सीताबर्डीच्या छायाचित्रकाराची होती, पुस्तकही त्याचेच, असे आजीने मला मी मोठा झाल्यावर सांगितले; सांगताना तिच्या बोलण्यात कमीपणाची छटाही नव्हती. बडोद्याच्या महालातून निघालेली ती ठेवण छापील ओलिओग्राफांतून आणि छायाचित्रकारांच्या पडद्यांतून माझ्या आजोबांपर्यंत येऊन पोहोचली होती. दरमहा मोजका पगार मिळवणाऱ्या, हुजुरात खालमानेने उभ्या राहणाऱ्या माणसाला आयुष्यातून एकदा, पाच-दहा मिनिटे, कठड्यापाशी ताठ उभे राहता आले, याचे मोल मी जाणतो. त्या चित्रात खोटे काय आहे हे मला माहीत आहे, आणि तरीही आजोबांना ते कसे दिसावे असे वाटत होते एवढे तरी त्यात पूर्ण खरे आहे.

राजाची तसबीर राजा काढवतो. पण प्रजेलाही कधी कधी आपली तसबीर काढावीशी वाटते, आणि नागपूरने ती काढली आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या मारबतींपैकी काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते असे सांगतात, आणि काळ्या मारबतीत बाकाबाईंचे रूप आहे, इंग्रजांना सामील झाल्याचा राग त्या पुतळ्यावर काढला जातो, अशी लोकसमजूत पक्की आहे. कागद, बांबू, रंग यांची ती अजस्र आकृती, तिचे वटारलेले डोळे, तिच्यामागून निघणारे बडगे, ढोलांचा गजर, गल्लीगल्लीतून लोटलेली माणसे, आणि शेवटी गावाबाहेर तिचे दहन! एखाद्या राजस्त्रीचे इतके मोठे चित्र कोणत्याही दरबाराने कधी काढवले नसेल. पण ही लोकांची तसबीरही सनदेसारखीच तपासून पाहिली पाहिजे. १८५७ साली बाकाबाईंनी नागपूर शांत ठेवण्यास मदत केली हे खरे. वाड्याचे सामान हलवताना तो पेटवून देण्याचा इशारा देणारी वृद्धाही तीच. एका आकृतीत या दोन्ही बाया मावल्या नाहीत. रविवर्म्याच्या कुंचल्याने जसे काही वगळले तसे लोकांच्या रागानेही काही वगळले, आणि जे वगळले ते शोधून शेजारी मांडणे हे आपले काम आहे.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा त्याने वर्धा रोडवरून किंवा सिव्हिल लाइन्समधून एक फेरी मारावी. चौकाचौकांत फ्लेक्सचे फलक लागलेले असतात. सर्वांत वर पक्षातल्या थोरांचे चेहरे, ढगांतून प्रकटल्यासारखे. मध्यभागी ज्याचा वाढदिवस किंवा स्वागत असेल तो नेता, कमरेपर्यंत, हात जोडलेला. आणि तळाशी शुभेच्छुकांची रांग, एकेका रुपयाएवढ्या वर्तुळात एकेक चेहरा. कोणाचे डोके किती इंचांचे असावे यावर रात्र रात्र वाद झालेले मी छापखान्यात स्वतः ऐकले आहेत. दख्खनी चितार ज्या गणिताने सरदार आणि मोरचेलवाला यांची मापे ठरवत असे तेच गणित येथे चालते, फक्त रंग टिकत नाहीत. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाने वारंवार कडक ताशेरे ओढले आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु फलक उतरवण्याच्या आदेशाने फलक वाचण्याची बुद्धी येत नाही. ती शाळेत द्यावी लागेल. इतिहासाच्या तासाला ज्या मुलाने वेल्सच्या चित्रात नानांकडे नजर का जाते हे एकदा शोधले आहे, त्याला चौकातल्या फलकावरचा तळचा चेहरा कशाच्या आशेने तेथे आहे हे सांगावे लागणार नाही.

माझी मागणी लहान आहे. तलवारीसाठी शासनाने जी तत्परता दाखवली तिचा एक अंश नागपूरच्या तसबिरींच्या वाट्याला यावा. भोसले घराण्याची, त्यांच्या सरदार-मुत्सद्द्यांची, येथल्या रेसिडेंटांची, पुढच्या काळातल्या मालगुजार, वकील, शेठ-सावकारांची जी चित्रे नागपुरात, पुण्या-मुंबईत आणि परदेशी संग्रहांत असतील, त्यांची एक जंत्री अजब बंगल्याने, नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयाने मिळून तयार करावी. प्रत्येक चित्राखाली बसणाऱ्याच्या नावाबरोबर चितार कोण, साल कोणते, प्रसंग कोणता, पैसे कोणी दिले, आणि चित्र कोणत्या वाटेने येथवर आले, एवढ्या ओळी मराठीत लिहाव्यात, आणि ज्या माहीत नसतील त्या जागा कोऱ्या सोडाव्यात. मूळ चित्रे मिळोत न मिळोत, त्यांच्या उत्तम प्रती करून एका भिंतीवर सनावळीने लावाव्यात. महालातल्या, इतवारीतल्या, धंतोलीतल्या घरांनीही आपापल्या भिंतींवरच्या तसबिरी यात नोंदवाव्यात. कोणीही आपली वस्तू देऊन टाकावी असे मी म्हणत नाही, तिचे छायाचित्र आणि तिची हकीकत पुरे.

नोंदवताना तसबीर भिंतीवरून खाली घ्यावी आणि मागची बाजूही टिपावी, कारण पुष्कळदा लिहिलेले असते ते तेथे. आजोबांची तसबीर मी परवा पहिल्यांदाच उलटी करून पाहिली. मागच्या फळीवर छायाचित्रकाराचा पुसट झालेला शिक्का आहे, त्याखाली पेन्सिलीने ‘रु. ३।’ अशी रक्कम घातलेली आहे, आणि तिच्यापुढे वळणदार अक्षरांत ‘भरून पावले’.